कुंदाच्या मापाचं गाणं

आमच्या गावातले आरसे आता गाण्याशिवाय चालत नाहीत. समोर उभं राहायचं, कुणीतरी गाणं म्हणायचं किंवा लावायचं, मग त्या गाण्यात जसं माणूस असेल तसे तुम्ही आरशात दिसता. माझं काच-फ्रेमचं दुकान आहे, म्हणून पहिली तक्रार माझ्याकडेच आली. बाळासाहेब इनामदार कपाटाचा आरसा काढून घेऊन आले.

"बंद पडलाय," म्हणाले.

"गाऊन बघितलंत का?"

"मी गातोय होय रे?"

त्यांच्या ड्रायव्हरने मोबाइलवर पोवाडा लावला. आरशात बाळासाहेब आले, कमरेला तलवार आणि छाती दीडपट. आरसा बिनबोभाट घरी गेला. तेव्हापासून त्यांच्या घरातला पोवाडा थांबलेला नाही.

कोण कशापुढे उभं राहतं हे मला दुकानात बसून कळतं. बँकेतले रिटायर झालेले सबनीस जुनी भावगीतं लावतात. त्यांना अजून केस आहेत. सरपंच आरती लावतात आणि मधोमध उभे राहतात. माझी बायको हेमा पाळणा म्हणते. पोरं कॉलेजात गेली तरी तिला दुसरं गाणं नको. "यात मी बारीक दिसते," असं तिचं म्हणणं.

माझी बहीण कुंदा मात्र कुठल्याच गाण्यात दिसेना.

कुंदा आमच्याकडेच राहते. लग्न जमलं नाही अशातला भाग नाही, तिने केलं नाही. दवाखान्यात एक्स-रे काढते, स्कूटरवर जाते-येते, रविवारी एकटी सिनेमाला जाते आणि आल्या आल्या मला शेवट सांगून टाकते. आम्ही तिच्यासमोर ओवी म्हटली. आरसा रिकामा. भोंडल्याचं गाणं म्हटलं, तर नुसताच सासरचा वाडा दिसला, आत कुणी नाही. सिनेमातलं गाणं लावलं तेव्हा झाडामागून एक अठरा वर्षांची पोरगी डोकावली.

"ही कोण बया?" कुंदा म्हणाली आणि हसली. "जाऊ दे. पावडर वाचली."

पण आरशात नसलेलं माणूस बाहेरही पुरतं उरत नाही. हेमा ताटं मांडताना एक कमी मांडायला लागली. स्टँडवर एका बाईने कुंदाच्या मांडीवर पिशवी ठेवली आणि तिथेच बसायला लागली. दवाखान्यात पेशंट तिच्याकडे तोंड करून ओरडायचे, "एक्स-रेवालं कुणी आहे का नाही?"

"दादा, तुला मी दिसते ना?" एकदा तिने विचारलं.

"दिसतेस की."

तिच्या पाठीमागचं कॅलेंडरही दिसत होतं. चतुर्थी कधी आहे ते मी तिच्यातून वाचलं.

भीमनगरच्या छबूताई माझ्याकडून फोटोच्या फ्रेमा नेतात. त्यांची गायन पार्टी आहे. त्यांच्या आरशांत गर्दी असते, असं पेठेत सगळे खालच्या आवाजात बोलतात आणि अंधार पडला की एकेकटे जाऊन बघूनही येतात. आमच्या गाण्यांतली बाई बसलेली असते, नाहीतर वाकलेली. त्यांच्या गाण्यांतली कुठेतरी निघालेली असते. कुणी शाळेला, कुणी मोर्चाला, कुणी ड्युटीवर.

मी कुंदाला घेऊन गेलो, आणि भर दिवसा गेलो, कारण ती म्हणाली, "चोरासारखं कशाला?"

छबूताईंनी पेटी घेतली, त्यांच्या सुनेने ढोलकी. दुसऱ्या कडव्याला आरशात कुंदा उभी राहिली. पुरती. हनुवटीवरची लहानपणची खूण, गळ्यातलं दवाखान्याचं ओळखपत्र, सगळं. ती आरशाच्या इतकी जवळ गेली की काचेवर वाफ धरली.

"दादा, चष्मा वाकडा बसतोय माझा. सांगायचं नाही का?"

छबूताई म्हणाल्या, "ताईंना घेतो आम्ही गाण्यात. रोज म्हणू. फक्त एक आहे. आमच्या गाण्यात आलेलं माणूस आमच्यातलंच दिसतं. चालंल का?"

"चालेल," कुंदा म्हणाली.

"तुम्हाला न्हाई विचारलं ताई. तुमच्या भावाला विचारलं. राहायचं त्यांच्या घरात आहे."

माझ्या डोळ्यांपुढून सबनीस गेले, सरपंच गेले, दुकानाची पायरी गेली.

"बघू," मी म्हटलं.

छबूताईंनी पेटीचा भाता बंद केला. "बघा. तुमचं बघून होईस्तोवर ताई राहू दे म्हंजे झालं."

परत येताना कुंदा स्कूटरवर माझ्यामागे बसली होती. गतिरोधकावर मागे वजन लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी नलूमावशी आली. आमच्या नात्यात कुणाचंही लग्न असो, मंगलाष्टकं मावशीच रचते आणि मावशीच म्हणते. तिला सांगावं लागत नाही आणि कोणी थांबवूही शकत नाही. आल्या आल्या तिने पदर खोचला.

"लग्न नसताना मंगलाष्टक?" मी म्हटलं.

"आधी मुलगी दिसू दे तर खरी. मग पुढचं."

तिने सुरुवात केली आणि कुंदा आली. आरशात आली, खोलीतही आली. हिरवा शालू, मुंडावळ्या, मान खाली. हेमाने रडत रडत तिच्या हातात चहाचा कप दिला. कप खाली पडला नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मावशी थांबली तशी कुंदा विझायला लागली, पहिल्यापेक्षाही फिकी. मावशीने घाईघाईने पुढचं कडवं उचललं.

मग थांबायची सोयच राहिली नाही. गल्लीतल्या बायका हाताला हात लावायला आल्या. सबनीसबाई आल्या, इनामदारांच्या दोघी सुना आल्या. मावशीचा घसा बसला की कोणीतरी सूर धरायचं. सगळ्या मनापासून गात होत्या. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

"कुंदे, मान वर कर की," मी म्हटलं.

गाण्यातली नवरी बोलत नाही. म्हणून मावशीने श्वास घेतला की तेवढ्यापुरतंच कुंदाला बोलता यायचं.

"होत नाही," ती म्हणाली. पुढच्या श्वासाला म्हणाली, "थांबवा हे." त्याच्या पुढच्या श्वासाला, "नाही दिसले तरी चालेल मला."

"तुला चालेल गं," मावशी गाता गाताच म्हणाली. "आम्हाला नको का चालायला?"

मी छबूताईंना आणायला निघालो. दार समोरच होतं, पण मधे बायका बसल्या होत्या. एक रांग ओलांडली की पुढे आणखी एक असायची, प्रत्येकीच्या हातात पेढ्याची वाटी. "बस रे श्रीपाद, मुलीचा भाऊ कुठे निघाला?" असं म्हणत मला खांद्याला धरून मागे फिरवत होत्या. दार लांब होत होत काडेपेटीएवढं झालं. मी पुन्हा कुंदाशेजारी येऊन उभा राहिलो.

तोवर मावशीकडची कुंदाबद्दलची कडवी संपली होती. आजोळ झालं, कुळ झालं, मामा-मामी झाले, एक्स-रे घालून बघितला तो चालीत बसेना. मग तिने सवयीने वराकडचं कडवं घेतलं. सुस्वभावी, सालस, कुलदीपक वगैरे.

"मावशी, वर कुठला?" मी ओरडलो.

"अरे, भरीला घातलंय नुसतं. एकाच बाजूचं मंगलाष्टक कधी कोण म्हणतं का?"

आता वराकडचं झालं म्हटल्यावर इनामदारांच्या सुना उठल्या आणि कुंदाच्या पुढे त्यांनी पांढरं धोतर आडवं धरलं. अंतरपाटाशिवाय शोभत नाही, म्हणाल्या. बायकांनी जागा करून दिली, अंतरपाटाच्या पलीकडेही थोडी मोकळी सोडली. वाजंत्री कुठून लागली ते समजलं नाही. माझ्या मुठीत कुणीतरी अक्षता कोंबल्या.

मान वर होत नसल्यामुळे फक्त कुंदालाच खाली दिसत होतं. मावशीने शेवटच्या कडव्यासाठी श्वास घेतला.

"दादा," कुंदा म्हणाली, "हे पाय कुणाचे?"

मी वाकून बघितलं. अंतरपाटाखाली पांढरे, कोरे, जरा ढगळ मोजे होते. मावशीने सूर लावला. सगळ्यांचे हात वर गेले, माझाही, आणि मोजे एक पाऊल पुढे आले.