हिरोचा सेंट आणि माझं कोकरू

मित्रांनो, मी जत तालुक्यातली, माडग्याळी जातीची एक म्हातारी मेंढी आहे. आमच्या जातीचं नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. ऐन उमेदीत बाजारात गिऱ्हाइकं माझं नाक चाचपून बघत आणि 'व्वा!' म्हणत. नऊ वेळा व्याले, लेकरांनी नाव काढलं. आता दात पडले, लोकर विरळ झाली, तसं कुणी माझ्याकडे ढुंकून बघत नाही. नका बघू बापडे! पण हे नाक नुसतं मिरवायला नाही, त्याला वासही कळतो, हे एकदा सांगूनच टाकते.

आमच्या मालकीणबाई हरणाबाई. त्यांचा लेक जयराज मिलिटरीत आहे. बहिणीच्या, शिवांजलीच्या, लग्नासाठी तो सुट्टीवर आला आणि येताना सांगलीहून एक सेंट घेऊन आला. खोक्यावर सिनेमातला कुणी हिरो छाती उघडी टाकून उभा. सेंटही म्हणे त्याच्याच नावाचा. नवऱ्याकडच्या पाहुण्यांना एकेक बाटली द्यायची, पण आधी ही एक वापरून बघायची आणि पसंत पडली तर पेटीच मागवायची, असा जयराजचा बेत होता.

"दादा, ह्योच घे. लय भारी हाय," शिवांजली खोक्याकडे बघत म्हणाली. वास तिने नंतर घेतला!

"दोन दिस टिकतोय म्हणं," जयराज फुशारकीने म्हणाला.

शी, शी, शी! मित्रांनो, काय तो वास! आधी करपलेल्या साखरेचा, मग कुजक्या पेरूचा आणि तळाला ढेकणाच्या औषधाचा. लांबून आला तरी माझा चारा कडू झाला. मला विचारलं असतं तर मी तिथंच निकाल दिला असता, पण मेंढीला विचारतो कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्याले. हरणाबाई टँकरच्या पाण्याला गेल्या होत्या. म्हातारपणचं, बहुधा शेवटचंच कोकरू. मी मान वळवून त्याला चाटणार, एवढ्यात जयराज आला. बिचाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. पण मनगटाला, गळ्याला, सदऱ्याला तो सेंट थापून आला होता. त्याने कोकरू उचललं, सदऱ्यानेच पुसलं, छातीशी धरून फोनवर फोटो काढले आणि मग माझ्यापुढे ठेवलं.

आम्ही मेंढ्या लेकरू वासावरून ओळखतो. मी हुंगलं. माझं लेकरू कुठेच नव्हतं! नुसता तो हिरो होता. मला अशी शिसारी आली की मी त्याला डोक्याने उडवलं. ते लटपटत कासेकडे आलं. मी लाथ मारली. पुन्हा आलं, पुन्हा मारली.

हरणाबाई आल्या त्या घागर टाकून धावल्याच. कोकरू गार पडत चाललं होतं, पोटात चिकाचा थेंब नव्हता.

"आरं मुडद्या, काय फासलंस ह्येला? आयनं वळखावं कसं?"

"आये, नुसता हात लावला गं. धुतलं की जाईल वास."

"दोन दिस टिकतोय म्हणाला व्हतास न्हवं?"

जयराजचं तोंड उतरलं. त्याने कोमट पाण्याने कोकरू तीनदा धुतलं, पोत्याने पुसलं. वास काही जाईना. टिकतो मात्र, एवढं त्या सेंटाबद्दल खरं सांगायलाच हवं! शेवटी हरणाबाईंनी माझी मान काखेत धरली, माझाच चीक पिळला, थोडा कोकराच्या तोंडात सोडला आणि बाकीचा डोक्यापासून शेपटीपर्यंत त्याला चोळला.

"घे गं बाई, तुजंच हाय."

मी शेपटीशी हुंगलं. त्या घाणीखाली, अगदी खाली, माझा वास होता. मी चाटू लागले. तोंड कडूजहर झालं, उमासे आले, तरी चाटत राहिले. दुपारी ते कासेला लागलं.

जयराजने सांगलीच्या दुकानात फोन लावला. "पेटी नगं. वास लय टिकतोय, आमच्यात चालायचा न्हाई."

मित्रांनो, तुमच्या अंगाला तुम्ही काय हवं ते लावा. खोक्यावरचं तोंड बघून घ्या नाहीतर वास बघून घ्या, मला काय त्याचं! पण नुकत्याच जन्मलेल्या जिवाला उचलण्याआधी हात धुवा आणि आधी त्याच्या आईला त्याला भेटू द्या. माझं कोकरू आता धडधाकट आहे, ढुशा देऊन दूध पितं. पण मी चाटायला मान वळवली की ते अजून अंग चोरतं.