शेऱ्याचा रकाना

माझ्या मुलाला, जॉनला, लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली, त्याच साली आमच्या मंडळीत, चर्चच्या सभासदांत, पंच कमिटीची निवडणूक झाली. म्हणजे दोन हजार तेवीस. मुलगी फेब्रुवारीतली, निवडणूक मे महिन्यातली. मुलीचं वजन अडीच किलो भरलं होतं. निवडणुकीला तेवढंही वजन नव्हतं.

आमची वाडी देवळाली प्रवरापासून सहा किलोमीटर, कालव्याच्या अंगाला. ख्रिस्ती घरं चाळीस-बेचाळीस. एवढ्या घरांच्या कारभाराला पाच पंच लागतात; त्यांत एक अध्यक्ष, एक सेक्रेटरी. अध्यक्षाला मिळतं काय? पहिल्या बाकावर बसायला मिळतं आणि नाताळाला स्पीकरवर दोन शब्द बोलायला मिळतात. ते दोन शब्द पाऊण तास चालतात. तेवढ्यासाठी माणसांनी सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं टाकलेलं मी पाहिलं आहे.

मी त्या पाचांतला एक. मला अक्षरं पंचावन्नाव्या वर्षी आली. नवी सायकल शिकलेला माणूस विहिरीवर जायलाही सायकल काढतो, तसा मी लिहायला निमित्तं शोधत असे. ते ओळखून पाळकसाहेबांनी मला मंदिराच्या (चर्चला आम्ही मंदिरच म्हणतो) दाराशी बसवलं आणि हजेरीचं रजिस्टर हाती दिलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, पाळकसाहेब भाकर आणि द्राक्षरस देतात. त्या दिवशी कोण आलं ते लिहायचं. नाव, सही किंवा अंगठा, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना.

तो रकाना वीस वर्षं कोरा होता. मला कोरा रकाना बघवेना. मी शेरे लिहू लागलो. "उशिरा आला." "चप्पल आत नेली." "गाणं चढ्या आवाजात." मार्च महिन्यात हेलनमावशीच्या नावापुढं मी लिहिलं, "झोपली." खोटं काहीच नव्हतं. प्रवचन सुरू झालं की मावशीची मान खाली जायची आणि आशीर्वादाला वर यायची. त्या वेळी ती पंच्याऐंशीची. प्रवचनही तसंच होतं. जागा राहिलेल्यांची नावं लिहिली असती तर शाई वाचली असती.

आता आमच्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्यात माणूस मेला असं म्हणत नाहीत. तो प्रभूमध्ये झोपी गेला असं म्हणतात. थडग्यावर तसंच कोरतात, पत्रिकेत तसंच छापतात.

एप्रिलमध्ये मतदारांची यादी करायची ठरली. सेक्रेटरी कृपादान गुरुजी. शाळेतून रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी अजून माणसाला बाकावर उभं करतील असं बोलतात. त्यांनी माझं रजिस्टर देवळालीच्या आरतीच्या दुकानात टाईपाला दिलं. आरती झेरॉक्स काढते, दाखले भरते. हिंदूंची मुलगी, हुशार, कामात नीट. अडलं तिथं तिनं फोन केला.

"गुरुजी, हितं एका बाईच्या म्होरं झोपली असं लिवलंय. ह्याचं काय करू?"

गुरुजी तेव्हा दाढी करत होते, असं ते नंतर सांगत. ते म्हणाले, "अगं, आमच्यात मयताला तसंच म्हणतात. काढून टाक."

आरतीनं काढलं. नुसतं काढलं नाही, यादीच्या शेवटी "मयत सभासद" असा वेगळा भाग करून त्यात सुबक अक्षरांत टाईप केलं: हेलन थॉमस साळवे. यादी आठ दिवस मंदिराच्या दाराला टाचून होती. ती कोणी वाचली नाही. मीही नाही. मला माझं स्वतःचं अक्षर वाचायची हौस. टाईप केलेलं कोण वाचतो?

मतदानाच्या दिवशी मावशी धुवट पांढरं पातळ नेसून काठी टेकत आली. दोन उमेदवार अध्यक्षपदाला. एक स्टीफन, नागापूरच्या कारखान्यांना कामगार पुरवतो; बोलताना चार शब्दांमागं एक "नियमानुसार" टाकतो. दुसरा अंगद, साधा माणूस, दूध घालतो. मावशी अंगदला मत देणार हे सगळ्या वाडीला माहीत होतं, कारण ती तसं चावडीवर ओरडून सांगत असे.

गुरुजींनी यादीवर बोट फिरवलं. "मावशी, तुमचं नाव नाही."

"न्हाई कसं? नीट बघा."

गुरुजींनी पान उलटलं. मग चष्मा काढून पुसला. "आहे. पण मयतात आहे."

"कोन मयत?"

"तुम्ही."

मागं रांगेत कोणीतरी फसकन हसलं. मावशी म्हणाली, "आरं, मंग कालपास्नं माझं गुडगं का दुखत्यात?"

तिला मत देऊ दिलं नाही. नियमानुसार. संध्याकाळी मोजणी झाली: स्टीफन एकेचाळीस, अंगद चाळीस.

मत गेल्याचं मावशीनं फार मनाला लावून घेतलं नाही. तिच्या मनाला दुसरंच लागलं, आणि ते लागलं जूनमध्ये. नव्या कमिटीनं पहिला फलक लावला: कब्रस्तानात जागा थोडी उरल्यानं यापुढं जागा फक्त यादीतल्या सभासदांनाच मिळेल. मावशीचा नवरा थॉमस फाटकाशेजारच्या लिंबाखाली पुरलेला आहे. एकवीस वर्षांपूर्वी त्याला पुरताना शेजारी एका माणसाची जागा सोडली होती. मावशी दर आठवड्याला ती झाडून येई. आता त्याच जागेवर स्टीफननं दोन काठ्या रोवून दोरी बांधली होती. तिथं कमानीचा खांब येणार होता. कमानीवर काय लिहायचं तेही ठरलं होतं: "अध्यक्ष श्री. स्टीफन यांच्या कार्यकाळात."

मावशी माझ्या ओट्यावर येऊन बसली. पाणी घेतलं नाही.

"शांतवन, तू माझ्या नावाम्होरं काय लिवलं हुतंस?"

मी सांगितलं.

"झोपले हुते का मी?"

"व्हय."

"मंग खरं लिवलंस. त्यात तुझं पाप न्हाई. पर मला थॉमसच्या शेजारी जायचंय. लिंबाच्या पल्याड, त्या बाभळीत न्हाई जायचं मला. येवढंच हाय माझं. बाकी काय ऱ्हायलंय?"

मी म्हणालो, येत्या रविवारी कमिटीची आढावा बैठक आहे, तिथं मी उभा राहून सांगतो.

"तू सांग. पर मी बी येनार."

आढावा बैठक म्हणजे काय तेही सांगून टाकतो. वरच्या ऑफिसातून एक छापील फॉर्म येतो: निवडणूक कामकाज व मंडळीचा कारभार यांचा आढावा. कमिटीनं बसायचं, चर्चा करायची, उत्तरं लिहायची. आमच्यात उत्तरं आधी लिहितात आणि मग बसतात.

रविवारी उपासनेनंतर संडे स्कूलच्या खोलीत आम्ही जमलो. बाकं लहान मुलांची, गुडघे हनुवटीला लागलेले. पाळकसाहेब, स्टीफन, गुरुजी, मी, आणि दोन पंच जे कुठल्याही ठरावाला हात वर करतात; एकदा तर चहा हवा का विचारल्यावरही केले होते. मावशी दाराशी खुर्चीवर.

गुरुजींनी फॉर्म वाचायला घेतला. "प्रश्न एक. मतदार यादी बिनचूक होती काय? होय. प्रश्न दोन. कुणाची हरकत आली काय? नाही. प्रश्न तीन..."

मी उठलो. बाक अंगाबरोबर उठलं, ते आधी सोडवलं. मग म्हणालो, "यादी चुकलीय. मावशी जित्या हायेत. झोपली म्हंजे प्रवचनात झोपली, असं मी लिवलं हुतं."

पाळकसाहेब जमिनीकडं बघू लागले. प्रवचन त्यांचंच होतं.

स्टीफन म्हणाला, "आबा, तुमच्या भावना समजल्या. पण नियमानुसार नोंद ती नोंद. तोंडी बोलण्याला किंमत नसते."

"आरं, बाई समोर बसलीय."

"समोर कोण बसलंय हा मुद्दा नाही. रेकॉर्डला काय आहे हा मुद्दा आहे."

गुरुजी म्हणाले, "हयातीचा दाखला आणला तर विचार करता येईल."

"ती दाखला मागायला गेली तर ती हयात हाय म्हनूनच जाईल ना, गुरुजी?"

"शांतवन, वर्गात उलट बोलायचं नाही."

मला तेव्हा कळलं की ही मंडळी मूर्ख नाहीत. मावशी जिवंत झाली तर तिचं मत जिवंत होत होतं. मत जिवंत झालं तर एकेचाळीसला एकेचाळीस होत होते, आणि वरून निवडणूक पुन्हा घ्या म्हणून पत्र आलं असतं. स्टीफनच्या खुर्चीचा एक पाय मावशीच्या थडग्यात रोवलेला होता. ती मेलेलीच बरी होती.

ते दोघं ऐकेनात. स्टीफन शेवटी म्हणाला, "मंडळीच्या दृष्टीनं मावशी मयत आहेत. विषय संपला. ठराव लिहा: निवडणूक कामकाज समाधानकारक."

मावशी खुर्चीतून उठली. काठी टेकत टेबलापाशी आली.

"स्टीफन बाळा, मी मयत हाय, नक्की?"

"रेकॉर्डप्रमाणं, मावशी."

"बदलनार न्हाई?"

"नियमानुसार बदलता येत नाही."

"बरं. गुरुजी, ते नियमाचं पुस्तक काढा. कलम नववं वाचा. थॉमस पंच हुता, त्याच्या तोंडून शंभरदा ऐकलंय मी."

गुरुजींनी पुस्तक काढलं. वाचायला सुरुवात जोरात केली आणि शेवट हळू. "मयत सभासदाला दफनाची जागा, शक्य तिथे जोडीदाराशेजारी, देणं मंडळीवर बंधनकारक राहील."

"मंग द्या. मी मयत. सभासद बी हाय, तुमच्याच यादीत मयत सभासद म्हनून टाईपलंय. दोन म्हैनं झालं मरून, अजून जागा दिली न्हाई. कारभार हाय का काय?"

एक पंच सवयीनं हात वर करून बसला. स्टीफन म्हणाला, "पण मावशी, तुम्ही तर जिवंत..." आणि तिथंच थांबला.

"काय म्हनलास?"

स्टीफननं पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"म्हन की. पुन्यांदा म्हन. जिती हाय म्हन, म्हंजे मी मत टाकते. मेले म्हन, म्हंजे खांब काढ."

पाळकसाहेबांना खोकला आला. तो बराच वेळ गेला नाही. स्टीफनच्या कपाळावर घाम आला होता. तो एकदा फॉर्मकडं बघायचा, एकदा मावशीकडं. कमान मोठी की खुर्ची मोठी, असा हिशेब त्याच्या तोंडावर सरळ वाचता येत होता. खुर्ची मोठी निघाली.

"लिहा," तो म्हणाला. "नियमानुसार जागा मंजूर."

गुरुजींनी पेन उचललं. मावशी म्हणाली, "तुमी नगं. शांतवन लिवील. त्यानंच मारलंय, त्यानंच पुरावं."

मी लिहिलं. वेळ लागला, कारण इतका लांब ठराव मी कधी लिहिला नव्हता. "मयत सभासद हेलन थॉमस साळवे यांना फाटकाशेजारी लिंबाखाली त्यांचे पती थॉमस यांच्या शेजारची जागा देण्यात येत आहे. ती जागा दुसऱ्या कोणत्याही कामास वापरू नये." मावशीनं मला तो दोनदा वाचायला लावला. "कोनत्याही कामास" हे शब्द तिला विशेष आवडले. खाली सगळ्यांच्या सह्या झाल्या. मावशीनंही अंगठा उमटवला. मयताचा अंगठा ठरावावर चालतो का, हे कोणी विचारलं नाही.

मग निवडणूक कामकाज समाधानकारक असल्याचा ठराव आला. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. अंगदच्या मताचं काय, असं मला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. जागा मिळाली आहे, आता ढवळाढवळ नको, असं वाटलं. कारभार असाच चालतो. प्रत्येकाच्या पदरात एक काही तरी पडलं की सगळं समाधानकारक होतं. तो फॉर्म वर गेला आणि वरून शाबासकीचं पत्र आलं. स्टीफननं त्याला चौकट करून घेतली.

पुढच्या प्रभुभोजनाला दारात गुरुजींनी हळूच विचारलं, मयताला भाकर देता येते का? पाळकसाहेब म्हणाले, "माझा सगळा धंदाच मेलेले उठतात यावर आहे, गुरुजी." आणि त्यांनी मावशीला भाकर दिली.

कमान झाली. एक खांब चार फूट सरकवावा लागला, म्हणून ती डावीकडं झुकलेली दिसते. नावातलं "फन" आणि त्यापुढचं सगळं झाडाच्या फांदीमागं गेलं आहे, रस्त्यावरून नुसतं "अध्यक्ष श्री. स्टी" वाचता येतं. मावशी त्यानंतर वर्षभर दर आठवड्याला तिथं जाऊन स्वतःची जागा झाडत होती. फांदी छाटायची का, असं स्टीफननं तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "नगं. सावली ऱ्हाऊ दे, मला उनाचा तरास हाय."

शेवटचे पंधरा दिवस ती अंथरुणात होती. अंगदची बायको दूध घेऊन जायची. ठरावाची प्रत मावशीनं उशाखाली ठेवली होती. पुरताना स्टीफनही आला. खड्डा मी आखून दिला आणि माती पहिल्यांदा अंगदनं लोटली. जागा थॉमसच्या शेजारचीच. रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात मी या वेळी सरळ लिहिलं:

हेलन थॉमस साळवे, वय शहाऐंशी, बुधवार, चौदा ऑगस्ट दोन हजार चोवीस रोजी सकाळी नऊच्या सुमारास आपल्या घरी वारल्या.