कगेहाची चाळीस झाडं

मारागोलीच्या टेकड्यांवर बाईनं झाड लावायचं नाही. लावलं तर नवरा मरतो. सरपणासाठी दोन कोस तंगडतोड मात्र बाईनंच करायची. त्यानं कुणी मरत नाही! यावरूनच कगेहाचं डोकं फिरलं होतं. गावातल्या बायकांनी मिळून रोपवाटिका केली, पण रोपं लावायची वेळ आली तशी बाकीच्या जणींनी कच खाल्ली. हिनं मात्र मक्याच्या बांधावर सिल्व्हर ओकची चाळीस रोपं एका सकाळीत लावून टाकली.

तिसऱ्या दिवशी तिचा नवरा लुगालिया पोट धरून आडवा झाला.

कगेहा धावत त्याच्यापाशी गेली. तोंडानं कितीही फटकळ असली, तरी या माणसावर तिचा भारी जीव. "अहो, मीच केलं का हो हे?" ती रडायलाच लागली. "उपटून टाकते सगळी!"

तेवढ्यात सासू कुदळ घेऊन अंगणात हजर, मागे अर्धं गाव. "कैदाशिणी, माझ्या पोराच्या जिवावर उठलीस! एक रोप ठेवत नाही मी!" म्हातारी तरातरा बांधाकडे निघाली.

लुगालियानं बायकोचा हात धरला आणि हळूच म्हणाला, "रडू नकोस गं. काल पंखाची वाळवी निघाली होती ना? भाजून टोपलीभर खाल्ली मी. तुझ्या वाटणीचीसुद्धा."

"मेल्या!" कगेहा रडता रडता फिस्सकन हसली.

तो कण्हत दारात गेला आणि ओरडला, "आई, थांब! झाडं लावली तर मी नुसता आजारी पडलो. उपटलीस तर काय होईल? माझा जीव आता त्या मुळांत अडकलाय!"

म्हातारीची कुदळ वरच्या वर राहिली. गाव एकमेकांची तोंडं बघायला लागलं. उपटल्यावर काय होतं, ते वाडवडिलांनी कुणाला सांगूनच ठेवलं नव्हतं.

"बघत काय बसलात?" सासू कडाडली. "ती बांधावरची शेळी हाकला आधी! माझ्या पोराला खाईल! सूनबाई, पाणी आण!"

कगेहा घागर घेऊन धावली. आनंदानं तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. म्हातारीनं एकेका रोपाला हातानं माती लावली, मग कंबर सरळ करून विचारलं, "वाटिकेत अजून उरलीत का गं?"

"दोनशे आहेत, आई. पण लावणार कोण? सगळ्या घाबरतात."

"मी लावते. माझा नवरा मरून बारा वर्षं झाली. आता आणखी किती मरणार तो?"