गंभीर, मध्यम, सौम्य

चूक माझीच. आमच्या कोड एडिटरमध्ये डावीकडच्या पट्टीत क्लासची, म्हणजे कोडच्या मुख्य भागांची, यादी दिसते. तिच्यात एनमही, म्हणजे ठरावीक पर्यायांचे संचही, दिसावेत हे काम बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर मला मिळालं. नीटनेटकं दिसावं म्हणून मी पर्याय अक्षरांच्या क्रमाने लावले. लेक मांडीवर पेंगत होती तेव्हा एका हाताने लिहिलेली ती एक ओळ.

आज दुपारी तीनला एका गिऱ्हाइकाने नमुन्याला पाठवलेली फाइल उघडली. ही मंडळी लहान मुलांच्या वॉर्डासाठी ताप मोजायचं यंत्र बनवतात. त्यांच्या कोडमध्ये क्रम होता सौम्य, मध्यम, गंभीर. पर्यायांना आकडे क्रमानेच मिळतात: शून्य, एक, दोन. माझ्या पट्टीत सगळ्यात वर गंभीर. ते बघून कुणी 'शून्य आला की घंटा वाजव' असं लिहून बसलं तर?

आमच्या टीमप्रमुखांना सगळे मास्तर म्हणतात.

"मास्तर, एक ओळ काढायचीय."

"चारला नवी आवृत्ती गिऱ्हाइकांकडे आपोआप जाणार. आता बदलांना कुलूप लागलंय."

"किल्ली कुणाकडे?"

"साहेबांकडे. आणि साहेब विमानात, सहापर्यंत ढगात." त्यांनी चष्मा पुसला. "पुढच्या महिन्यात काढू. आभाळ कोसळत नाही, बाई."

"सोबतच्या पत्रात सूचना तरी?"

"पत्र सकाळीच गेलं."

मी गिऱ्हाइकाला फोन लावला. रेकॉर्ड केलेला आवाज गोड होता: कार्यालय सोमवारी उघडेल. मेल केला, त्यालाही तेच उत्तर, आपोआप. पण सुट्टीत घरी बसून काम उरकणारं माझ्यासारखं कुणीतरी तिथेही असणारच.

चारला पडद्यावर हिरवी खूण आली. "सुटलो एकदाचे," मास्तर म्हणाले.

पाळणाघरात मावशींनी लेक हातात दिली, सोबत दिवसाची चिठ्ठी. 'ताप' या शब्दापुढे तीन चौकटी, खालची अक्षरं पुसट. खूण पहिलीत.

"मावशी, पहिली म्हणजे कमी की जास्त?"

"कमीच की. कमीपासूनच सुरू करतात ना सगळे."

"नक्की?"

"आता ते छापणाऱ्याला ठाऊक. मी आपली खूण करते."

मी लेकीच्या कपाळावर हात ठेवला. माझाच हात इतका गार पडला होता, की काही कळेना.