चार फ्लोरा, एक नोंद

गावात शिकण्याची हौस सर्वांत जास्त कुणाला, असं विचारलं असतं तर जेसी गिलिसने डोळे मिटून एकच नाव घेतलं असतं. फ्लोरा मॅकइसाक. केप ब्रेटन बेटाच्या किनाऱ्यावरच्या या गावात जेसी वर्षभरापूर्वी वाचनालय सांभाळायला आली, आणि त्यासोबत गावाच्या शिक्षणाची नोंदही तिच्याच गळ्यात पडली. शाळा, चर्चचं सभागृह, कोळ्यांची प्रशिक्षणं, सगळीकडून माहिती यायची आणि कोण जन्मभरात काय काय शिकलं ते संगणकावर दिसायचं. फ्लोराबाईंच्या नावापुढे काय नव्हतं? बारावी पास, बोटीच्या इंजिनाची दुरुस्ती, फ्रेंच, हिशेब, गेलिक भाषेतली गाणी, मधमाशीपालन. जेसीला त्या न पाहिलेल्या बाईचं भारी कौतुक.

आणि ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी याच फ्लोरा मॅकइसाकचं नाव मोठ्यांच्या वाचनवर्गासाठी आलं. अक्षरओळखीपासून शिकवणारा वर्ग, फुकट, पण बारावी झालेल्यांना बंद. संगणकाने नाव झटक्यात उडवून लावलं. जेसी चक्रावली. फ्रेंच बोलणाऱ्या बाईला अक्षरं कशाला गिरवायचीत? तिने नोंद नीट उघडली, तर एकाच मंगळवारी संध्याकाळी बाई इथे मधमाश्यांच्या पेट्या उघडत होत्या आणि तिकडे तासाभराच्या अंतरावर इंजिन खोलत होत्या.

"ही एक बाई नव्हेच," जेसी पुटपुटली.

तिने शहरातून शिकवायला येणाऱ्या बूद्रोबाईंना फोन लावला.

"मला काय ठाऊक गं?" बूद्रोबाई म्हणाल्या. "सभागृहातल्या फोनवरून बोलली. नाव सांगितलं, कुणाला कळू देऊ नका म्हणाली, आणि ठेवून दिला. आवाज वयस्कर होता. पण सोमवारपर्यंत नोंद सुधार हं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. पुढचा वर्ग कधी निघेल देव जाणे."

आता ही फ्लोरा शोधायची कशी? चिठ्ठी पाठवावी तर जिला पाठवायची तिलाच वाचता येत नाही. शेवटी जेसी उठली आणि गेली सहकारी दुकानात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"कुठली फ्लोरा?" गल्ल्यावरच्या मर्डॉकने विचारलं. "लाल फ्लोरा, रोरी शिंप्याची फ्लोरा, टेकडीवरची फ्लोरा, की पोस्टातली फ्लोरा? चौघीही मॅकइसाक. आमच्याकडे माणसं बरी आहेत, नावांचा तेवढा दुष्काळ. काम काय काढलंस?"

"वाचनवर्गाचं," जेसी बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

मर्डॉकचा पिशवीत पाव भरणारा हात थांबला. झालं. त्याच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. शनिवारी सभागृहात पत्त्यांचे डाव पडले तेव्हा एकेका फ्लोराकडे चोरून पाहिलं जात होतं. कुणी शिंप्याच्या फ्लोराला म्हणालं, "तेवढी भिंतीवरची सूचना वाचून दाखव बरं." ती हसली, पण पत्ते टाकून घरी गेली. टेकडीवरची तर फिरकलीच नाही. जेसीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका बाईने उभा जन्म जे पोटात ठेवलं, ते तिने पावाच्या पिशवीसोबत गावाला वाटून टाकलं होतं. आता ती बाई कसली येते वर्गाला? आणि तरीही, लाज वाटावी इतकं, जेसीला जाणून घ्यायचं होतं की ती कोण.

सोमवारी संध्याकाळी वर्गाच्या वेळेला जेसी सभागृहात जाऊन बसली. आलीच कुणी तर पाय धरायचे, एवढंच ठरवलं होतं. दार उघडलं आणि चौघी एकदम आत आल्या. केस केव्हाच पांढरे झालेली लाल फ्लोरा पुढे, बाकीच्या मागे. ओव्हरकोट काढून चौघी पहिल्या बाकावर बसल्या.

बूद्रोबाई गोंधळल्या. पोस्टातल्या फ्लोराकडे बघून म्हणाल्या, "पण तुम्ही तर पोस्टात होतात ना?"

"होते की," ती म्हणाली. "पत्रं वासावरून वाटायचे."

जेसी उठून बाकापाशी गेली. "माझ्यामुळे झालं हे सगळं. मला माफ करा. संगणकात तुम्हा चौघींची एकच नोंद झालीय, फक्त बारावी कुणाची तेवढं सांगा, म्हणजे जिची नाही तिचं नाव मी घालते."

मग लाल फ्लोरा म्हणाली, "पोरी, तुझ्या संगणकात आम्ही चौघी एकच होतो ना?"

"हो."

"मग राहू दे एकच. त्या एकीला वाचता येत नाही. लिही तसं."

जेसीने फोनवरच नोंद उघडली, 'बारावी पास' पुसलं आणि वर्गात नाव घातलं. जागा पक्की झाली.

बूद्रोबाई पेन्सिली वाटू लागल्या. जेसी दाराशी पोचली होती. नुसतं वळून पाहिलं असतं, कुणाची पेन्सिल कागदावर अडते एवढं दिसलं असतं, तर सगळा उलगडा झाला असता. मान वळवायला जीव नुसता तडफडत होता. तिने दार मागे न बघताच ओढून घेतलं.

बाहेर मर्डॉक उभा होता. गारठ्यात, काही काम नसताना.

"आली का गं?" त्याने हळूच विचारलं. "कोण ती?"

"फ्लोरा मॅकइसाक," जेसी म्हणाली, आणि घराकडे चालू लागली.