मैदानावर काय व्हावे

तीर्थपुरीच्या पूर्वेस, जेथे पूर्वी ज्वारीची वावरे होती, तेथे गेल्या काही वर्षांत घरांची एक नवी वसाहत उभी राहिली. वस्ती वाढली, मुलेबाळे वाढली, आणि या सर्व घरांच्या मधोमध एक मोकळी जागा तेवढी शिल्लक उरली. वसाहत आखताना ती खेळासाठी व विरंगुळ्यासाठी राखून ठेवलेली होती. परंतु आजवर तेथे वेड्या बाभळी आणि बांधकामाचा राडारोडा यांखेरीज कशाचेही वास्तव्य नव्हते. यंदा मात्र नगरपंचायतीने मनावर घेतले, आणि जागेवर काय व्हावे हे रहिवाशांनीच विचार करून सांगावे, असा निरोप धाडला.

रहिवाशांचे मत जाणून घेण्याची जबाबदारी मल्हारीकडे आली. मल्हारीचे अर्धे आयुष्य मेंढरांमागे गेले होते. पुढे चराईचे माळ उरले नाहीत, मेंढरे विकली गेली, मुलगा जालन्यास कारखान्यात नोकरीला लागला, आणि म्हातारपणी त्याने येथे दोन खोल्यांचे घर बांधले. दोन कळप एकाच पाणवठ्यावरून तंटा न होता पाजून काढणारा माणूस, अशी त्याची ख्याती असल्याने वसाहतीतील लोक त्याचा शब्द मानीत.

या कामात त्याचा स्वतःचा जीवही गुंतलेला होता. घरात बसून बसून त्याची पत्नी गोपिकाबाई हिचे पाय सुजू लागले होते व रक्तात साखर आढळली होती. रोज चालत जा, असे डॉक्टरांनी बजावले होते. "बिनकामाचं हिंडायला मी काय मोकाट जनावर हाय?" असे म्हणून तिने तो विषय मिटवला. शिवाय वसाहतीबाहेर पडले की लागणारा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा. मागल्या आठवड्यात एका ट्रॉलीला चुकवताना शेजारची उषाबाई नालीत पडली होती. बायांना त्या रस्त्यावर जावेच लागू नये, अशी मल्हारीची मनापासून इच्छा होती.

तरुणांचे मत कळण्यास विलंब लागला नाही. त्यांना क्रिकेट व कबड्डी यांसाठी अर्धी जागा हवी होती. राहिलेल्या अर्ध्या जागेविषयी बायांचे मत घ्यावे, असे मल्हारीच्या मनात आले. परंतु दारोदार फिरून परक्या बायांना 'तुमचा विरंगुळा कशात आहे' हे विचारणे त्याच्या रीतीत बसत नव्हते. मेंढरांनाही त्याने कधी काही विचारले नव्हते. कळप आपणहून कोणत्या अंगाला वळतो हे पाहिले की त्याला काय हवे ते कळते, एवढे ज्ञान त्याच्यापाशी होते, आणि त्याच ज्ञानावर विसंबून तो रोज सायंकाळी रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसू लागला.

त्याने पाहिले ते असे. ऊन उतरले की बाया घराबाहेर पडतात. कोणाच्या हातात पूजेची ताटली, कोणाच्या हातात दुधाची किटली, तर गोपिकाबाईच्या काखेत दळणाचा डबा. सर्व जणी रस्त्याच्या कडेने फाट्यावरच्या मारुतीच्या दिशेने जातात आणि अंधार पडण्यापूर्वी परततात. मल्हारीस उत्तर मिळाले. देऊळ वसाहतीतच, मैदानाच्या अर्ध्या भागात बांधले, तर त्या रस्त्याची गरजच उरणार नाही. किराणा दुकानदार भुजंग याने तत्काळ मूर्तीचा खर्च कबूल केला, पुरुषमंडळींनी माना डोलावल्या, आणि नगरपंचायतीच्या इंजिनिअर साहेबांनी नकाशात देऊळ व त्यापुढे सभामंडप काढलासुद्धा. शेवटची बैठक तेवढी बाकी राहिली.

बैठकीच्या आदल्या सायंकाळी मल्हारी मोरीवर बसला असता गोपिकाबाई व उषाबाई समोरून येताना दिसल्या. पत्नीचे सुजलेले पाय पाहून त्याला कणव आली. तो उठून पुढे झाला.

"आण तो डबा इकडं. एवढं वझं घेऊन चालती."

"राहू द्या, मी आणते ना."

त्याने ऐकले नाही. डबा ओढून घेताना त्याने जोर लावला, आणि तो जोर फुकट गेला. डबा रिकामा होता.

"पीठ कुठंय?"

"न्हाई."

"मंग डबा कशाला मिरवून राह्यली?"

गोपिकाबाई खाली पाहत म्हणाली, "हातात काही असलं की कोणी विचारत न्हाई, कुठं चालली म्हणून."

उषाबाईने पदर तोंडाशी नेला. "मामा, माझी ताटली बी बघून घ्या. यातलं कुकू दिवाळीचं हाय."

"आन मारुती?"

"त्याला दुरूनच हात जोडतो आमी. तो बिचारा काही बोलत न्हाई. फाट्यावर बसलेले बाप्ये बोलतात."

मल्हारीने रिकामा डबा तिला परत दिला. तदनंतर, आपली बाजू सावरावी या हेतूने, म्हणाला, "उद्या देऊळ आपल्या दारातच येऊन राह्यलं. मंग कोणी बोलणार न्हाई."

"दारात आलं की दहा पावलांत देऊळ," गोपिकाबाई म्हणाली. "मंग रस्त्याला निघायला काय सांगायचं घरच्यांना? आन तुमच्या मंडपात सांजच्याला बसणार कोण? तुमीच की. भुजंगभाऊ पत्ते घेऊन येतील." ती थोडी थांबली. "एवढी एक वाट हाय आमाला. तुमी तीच बंद करून राह्यले."

हे ती रागाने बोलली नाही, म्हणूनच मल्हारीस ते अधिक लागले. त्या सायंकाळी त्याला भाकर गोड लागली नाही. बायांची वाट त्याने पाहिली होती खरी, परंतु त्यांना त्याने विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. इंजिनिअर साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला. पुरुष खुर्च्यांवर होते. बाया मागे सतरंजीवर बसल्या होत्या. मल्हारी उठला.

"साहेब, यातलं देऊळ काढा."

"मल्हारीभाऊ, तब्येत बराबर हाय ना?" भुजंग म्हणाला. "परवा तुमीच घातलं, आज तुमीच काढून राह्यले. देवाला घर देऊन खाली करायला लावता का?"

खुर्च्यांत हशा पिकला. मल्हारीने तो संपू दिला.

"देवाशी माझं भांडण न्हाई, भुजंगा. चूक माझी हाय. मी बायांचं मत म्हणून सांगितलं, आन बायांना बिलकुल विचारलं न्हवतं."

"मग बायांना काय पाहिजे?" साहेबांनी विचारले.

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. उत्तर मल्हारीच्या जिभेवर होते. सर्वांच्या नजरा त्याच्याकडेच वळल्या, कारण बोलण्याची सवय त्यालाच होती. परंतु तो मुद्दाम खाली बसला व त्याने आपले हात गुडघ्यांवर ठेवले.

तेव्हा मागून गोपिकाबाईचा आवाज आला. "चालायचंय."

"कुठं?" भुजंगाने मान वळवून विचारले.

"कुठंच न्हाई."

पुन्हा कोणी तरी हसले, परंतु या वेळी ते हसणे पुढे सरकले नाही. उषाबाई म्हणाली, "नुसतं चालायचं. दम लागला की बसायचं. आन बोलायचं." तिच्या शेजारच्या दोघी-तिघींनी हो म्हटले, मग आणखी कोणी म्हणाले, लाइट पाहिजे, आणि खेळणाऱ्या पोरांचा चेंडू अंगावर येऊ नये म्हणून मधे जाळी पाहिजे. मल्हारी ऐकत राहिला. यांतील एकही गोष्ट त्याला मोरीवरून दिसली नव्हती.

साहेबांनी देवळावर काट मारली आणि मैदानाच्या कडेने पेन्सिलीची एक रेघ फिरवून आणली. "हा चालण्याचा रस्ता. दोघी आरामात मावतील."

गोपिकाबाई उठून टेबलापाशी आली. सर्व पुरुषांच्या देखत ती नकाशावर वाकली.

"दोघी न्हाई, साहेब. चौघी. बाजूबाजूनं चालल्या न्हाई तर मागचीला ऐकू येत न्हाई."

"त्यासाठी क्रिकेटची जागा कमी करावी लागेल."

मागे पोरांत कुरकुर झाली. साहेबांनी मल्हारीकडे पाहिले. मल्हारीने गोपिकाबाईकडे पाहिले.

"करा की मंग," ती म्हणाली.

साहेबांनी रबर घेतले आणि रेघ आतल्या बाजूला सरकवली.