आमची मेकॅनिकल

स्क्रूच्या डोक्यावरची खाच इतकी रुंद झालेली, की आता तिच्यात कुठलंच पातं नीट बसलं नसतं. कुकरच्या हँडलचा स्क्रू, नखाएवढा, तिच्या तळहातावर. हँडल वेगळं, कुकर वेगळा, दोन्ही 'द्यायचं' असं लिहिलेल्या खोक्यात जायची. स्क्रूचं काय करायचं ते मात्र ठरेना, कारण स्क्रू दोन वस्तूंना एकत्र धरतो, आणि त्या सुटल्या की त्याला नावसुद्धा उरत नाही... असले विचार. बाबा गेल्यापासून डोकं असंच चालायचं, तेलपाणी केल्यासारखं, आवाज न करता, आणि कुठेच न पोचता.

घर विकलं गेलं होतं. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि शिवणयंत्राच्या पायट्याखाली फरशीवर बाबांच्या टाचांनी घासून केलेली एक गुळगुळीत जागा, जी खरेदीखतात कुठेच आलेली नव्हती. दादा दुपारी मुलीला घेऊन येणार होता, आणि काल फोनवर त्याने जे विचारलं त्याचं उत्तर तिला तोवर तयार ठेवायचं होतं. दादा एका गोदामाचे हिशेब बघतो, त्यामुळे प्रश्न नेटका होता. मुलगी मेकॅनिकल इंजिनीअरिंगवर अडून बसली आहे. चार वर्षांची फी, वसतिगृह, आणि तेवढ्या काळात न कमावलेला पगार, हे एका बाजूला. पुढे मिळेल ते दुसऱ्या. घराच्या पैशातला त्याचा वाटा पुरणार नव्हता, तिचाही घालावा लागणार होता. तिनं नाही म्हटलं तर मुलगी दोन वर्षांचा हिशेबाचा अभ्यासक्रम करेल आणि त्याच्याच गोदामात चिकटेल. "तू स्वतः करून बसलीयस," दादा म्हणाला होता, "तर तूच सांग, वसूल होतं का."

करून बसलीयस. हे आपण चुकीबद्दल म्हणतो. त्याच्या ते लक्षातही आलं नसणार.

सकाळी तिनं आकडे मांडून पाहिले होते. कारखान्यात नवं यंत्र घ्यायचं झालं की ती असाच तक्ता करते – किंमत, आयुष्य, दरवर्षीचा घसारा, आणि तळाशी भंगाराचा भाव. स्वतःची पदवी त्या तक्त्यात बसवताना भंगाराच्या रकान्यापाशी ती थांबली आणि एकटीच हसली. बाकीचं सोपं होतं. पहिली काही वर्षं शिकाऊ म्हणून, ज्यात खोलीचं भाडं गेलं की बुटांचे पैसे उरत नसत; मग पंपांच्या कंपनीत, जिथे पगार वाढायचा पण एखाद्या शहाण्या माणसासारखा, बेतानं; आणि त्याच काळात वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा घरं विकून तिच्या कितीतरी पुढे गेलेला. उत्तर आलं ते वाईट नव्हतं. वसूल होतं, उशिरा. चाळिशीच्या आगेमागे. म्हणजे दादाला सांगता येईल : होतं, पण घाई असेल तर नको. हे वाक्य तिला आवडलं होतं. त्यात कुणाचं काही अडकलेलं नव्हतं.

बाबा पँट्स शिवायचे. ती इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांनी बाजारातला गाळा सोडला आणि मशीन घरी आणलं, 'पाय दुखतात, जा-ये नको' असं सांगून. मग त्याच दुखऱ्या पायांनी घरोघर मापं घ्यायला जाऊ लागले. हे तक्त्यात घेतलं होतं तिनं, खर्चाच्या बाजूला, अंदाजानं. गिऱ्हाइकाचा एक पाय वर, दुसरा खाली, तोंडात टाचण्या, आणि त्या टाचण्यांमधून : "आमची मेकॅनिकल आता पंप दुरुस्त करते." ती दुरुस्त करत नाही, पंप का हलतो ते शोधून सांगते. हे त्यांना माहीत होतं. रोज संध्याकाळी फोनवर त्यांचा पहिला प्रश्न तोच : "काय गं मेकॅनिकल, आज काय हललं?" पगार किती, हे कधीच विचारलं नाही.

आणि ती घरी आली की काहीतरी बिघडलेलं असायचंच. गॅलरीच्या दाराची कडी. पंख्याचं बटण. कुकरचं हँडल तर कितीदा. "राहू दे म्हटलं, येईलच आमची मेकॅनिकल," असं म्हणत ते स्टुलावर बसून बघत राहायचे, ती स्क्रू आवळायची, आणि दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागायचा, कारण मध्येच ते विचारत – तो पंप कशानं हलत होता? पाया कच्चा होता की दांडा वाकला होता? ती सांगायची. तिला तेव्हा वाटायचं, म्हातारपणी माणसं अशी परावलंबी होतात. थोडा कंटाळाही यायचा, तो ती दाखवत नसे...

मशीनचा खण रिकामा करताना छोटा स्क्रू-ड्रायव्हर हाती आला. बोटभर लांब, लाकडी मुठीचा, मशीनचाच. तिनं तो कुकरच्या स्क्रूवर टेकवला – का, ते सांगता आलं नसतं, कामाची सवय. पातं खाचेपेक्षा बरंच अरुंद. ओरखडे मात्र त्याच रुंदीचे. तिच्या पिशवीतल्या मोठ्या पात्यानं असे ओरखडे पडत नाहीत.

मग कडीचा स्क्रू पाहिला. पंख्याच्या बटणाचा. तेच.

घट्ट करताना पातं खाचेची एक कड खातं, सैल करताना दुसरी. इथे दोन्ही खाल्लेल्या होत्या.

ती खाली बसली. ज्या माणसानं आयुष्यभर त्या मशीनचा शटल डोळे मिटून काढला आणि बसवला, पट्टा जोडला, सुईचा आडवा पडलेला टाका केवळ आवाजावरून ओळखला, त्याला कुकरचं हँडल आवळता येत नव्हतं, हे ती इतकी वर्षं कसं धरून चालली? एक शक्यता अशी की ते आधी स्वतः आवळून बघत, बसला नाही की सैल करून पुन्हा आवळत, तरी जमत नसे. दुसरी अशी की ती यायच्या आधी ते स्वतःच... दोन्ही शक्यतांचे ओरखडे सारखेच पडतात. कोणता आधीचा, कोणता नंतरचा, हे धातू सांगत नाही. कारखान्यात ती अशा वेळी अहवालात 'कारण निश्चित नाही' असं लिहिते आणि मोकळी होते.

तक्त्यात हे कुठे घ्यायचं? मिळकतीत? पण मिळालं कुणाला...

दादा आला तो घाम पुसत, खोकी मोजत. मुलगी मागे, दारातच. त्यानं पाणी प्यायल्यावर लगेच विषय काढला. त्यानंही आकडे काढले होते आणि ते तिनं दाखवलेल्या आकड्यांशी जवळजवळ जुळत होते, याचं त्याला बरं वाटलं. "म्हणजे चाळिशी," तो म्हणाला. "तोवर आम्ही नवराबायको घाण्याला. बघ बाई, मी नाही म्हणत नाही, पण मुलीच्या जातीला–"

"दादा, तू ते वाक्य पुरं करू नकोस," ती म्हणाली.

"नाही करत. बाबांनी कुठे केलं होतं," तो म्हणाला, आणि उगाच खिडकी लावू लागला.

भाची मशीनजवळ उभी राहून चाक हातानं फिरवत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आत्या, पंप हलतोय हे सगळ्यांनाच दिसतं ना? मग तुला कशाला बोलावतात?"

तिनं सांगायला सुरुवात केली. की दिसतं ते हलणं, पण हलवणारं सहसा दुसरीकडे असतं. की आधी नुसता तळवा ठेवायचा, वर, मग बाजूला, मग पायाच्या बोल्टांवर. की कधीकधी पंप चांगलाच असतो आणि शेजारची नळी त्याला ओढत असते. मुलीचं चाक थांबलं होतं. तिनं नळीबद्दल आणखी विचारलं, मग आणखी. सांगतासांगता तिच्या ध्यानात आलं की आपला आवाज वर चढला आहे, हात हवेत पंप दाखवताहेत, आणि दादा तिच्याकडे जरा चकित होऊन पाहतो आहे. कित्येक दिवसांत ती एवढं बोलली नव्हती.

"मग?" दादा म्हणाला. "काय ठरवायचं?"

सकाळचं वाक्य तयार होतं. त्याच्या जागी 'हो' आलं, ओठांपर्यंत, आणि तिनं ते तिथेच धरलं. कारण हे 'हो' कुणासाठी आहे ते तिला कळेना. ते या मुलीसाठी असेल तर ठीक. पण आपल्याला नुसतं कुणीतरी ऐकणारं हवं असेल, आणि त्यासाठी तिची चार वर्षं आणि दादाची झोप आपण खर्ची घालत असू, तर? तिनं स्वतःला नीट तपासून पाहिलं, वर, बाजूला, खाली. काही सापडलं नाही. फक्त एवढंच जाणवलं की बाबा गेल्यापासून तिला कशाचीच घाई नव्हती, आणि आता होती. मुलीनं पुढचा प्रश्न विचारावा म्हणून ती वाट पाहत होती, आणि ही वाट पाहणं दुखत होतं, सरळ, कुठलाही आडोसा न घेता.

"थांब जरा," ती दादाला म्हणाली, आणि मुलीकडे वळली.